लायमी आणि लिंबी

"नऊ महिने टिकंल असं लोणचं हाय का ओ?"

फाटकातून आत येता येताच त्यानं हे विचारलं. ना जय भीम, ना नमस्कार, ना ओळखपाळख. मी अंगणात पोत्यावर बसून लिंबं चिरत होते. बोटाला पडलेल्या चिरेत रस जाऊन नुसती आग आग होत होती, आणि माझं डोकं मुळातच लवकर तापतं.

"नऊ महिने? कुणाचं डोहाळजेवण हाय, पावणं?"

आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. पावणा मात्र चिडला नाही. त्यानं खिशातला हात बाहेर काढला, परत आत घातला...

"डोहाळजेवण न्हाय," तो म्हणाला. "जहाज हाय."

तेव्हा कुठं मी मान वर केली. उंच, सावळा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. इस्त्रीचा शर्ट, पण कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली. तो माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. माझ्या बोटाकडं बघत होता.

"पाण्यात हात धुवून खोबरेल लावा," तो म्हणाला. "जहाजावर आम्ही तेच करतो."

ही गोष्ट फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवची. आम्ही कसबा बावड्यात राहायचो. बाबा साखर कारखान्यात टाइमकीपर, आई घरी लोणची घालून विकायची, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी घेऊन. पहाटे लिंबं चिरायची, मग अंघोळ करून कॉलेज गाठायचं. कितीही साबण लावला तरी बोटांचा वास जायचा नाही.

पावण्याचं नाव प्रसेनजीत. गाव शाहूवाडीकडचं. आमच्या गल्लीतल्या पिराजीमामांचा सख्खा भाचा. उद्यमनगरात फिटरचं काम शिकला आणि तिथून मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये चिकटला. एक फेरी झाली होती, दुसरी मार्चअखेर निघायची होती. जहाजावर सात देशांची माणसं, त्यामुळं जेवण कुणाच्याच तोंडचं नसतं, असं तो सांगत होता. आई बाहेर येऊन ऐकत बसली. बिनतेलाचं, नुसत्या मिठातलं लिंबाचं लोणचं घालून द्यायचं ठरलं. चाळीस दिवस उन्हात मुरवायचं, म्हणजे त्याच्या जाण्यापर्यंत होईल.

सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात माझ्या वर्गातली श्रुती गाडीवरून फाटकापाशी थांबली.

"ए लिंबी, उद्या ट्युटोरियल हाय. वही आण माझी."

गेली निघून. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, सगळं कॉलेज मला तेच म्हणायचं. पण परक्या माणसासमोर ते ऐकलं आणि मला कानकोंडं झालं. मी मान खाली घालून विळीवर पुढचं लिंबू धरलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण आमच्या घरात नाव हा साधा विषय नाही. माझ्या आजोबांचं नाव गणपती. ते नाव गावानं कधी पूर्ण उच्चारलं नाही. साठ वर्षांच्या माणसाला शेंबडी पोरंसुद्धा 'गण्या' म्हणायची. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला आणि ठरवलं, आता आपल्या घरात नावं अशी ठेवायची की हाक मारणाऱ्याचं तोंड भरलं पाहिजे. संघप्रिया हे नाव त्यांनीच ठेवलं. आणि कॉलेजनं चार दिवसांत त्याचं लिंबी करून टाकलं. हे बाबांना मी तीन वर्षांत एकदाही कळू दिलं नव्हतं.

प्रसेनजीत जायला निघाला होता, तो फाटकाशी थांबला.

"राग येणार नसंल तर एक सांगू? आमच्या जहाजावर एक गोरा म्हातारा चीफ इंजिनियर हाय. ब्रिटिश. त्याला अमेरिकेच्या बंदरावरची माणसं लायमी म्हणतात. त्यालाच न्हाय, साऱ्या ब्रिटिशांनाच. लायमी म्हणजे... लिंबूवाला."

"माझी चेष्टा करतासा व्हय?"

"चेष्टा करायला मी एवढा धाडसी न्हाय ओ. तुमच्या हातात विळी हाय."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्यानं पाहिलं.

मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. जुन्या काळी शिडाच्या जहाजांवर महिनोन् महिने ताजं काही मिळायचं नाही. खलाशांच्या हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा आपोआप उघडायच्या, माणसं पटापट मरायची. मग ब्रिटिश आरमारानं प्रत्येक खलाशाला रोज लिंबाचा रस पाजायला सुरुवात केली. दारूत मिसळून का होईना, पण रोज. बाकीच्या देशांचे खलाशी त्यांना हसायचे, लिंबू पिणारे म्हणून चिडवायचे. तेच नाव घासून घासून लायमी झालं.

"म्हणजे ज्यानं जीव वाचला, त्याच्यावरनंच चिडवलं," मी म्हणाले.

"व्हय. चीफ म्हणतो, हसणारी माणसं बंदरावर ऱ्हायली, आम्ही पुढं गेलो."

असं म्हणून तो गेला. मी हात धुवून खोबरेल लावलं... आग खरंच थांबली.

दुसऱ्या दिवशी मी तडक कॉलेजच्या लायब्ररीत गेले. कुणीतरी सांगितलं आणि मी मान डोलावली, असं माझ्या रक्तातच नाही. जाड जाड पुस्तकं काढली, ग्रंथपालबाईंना पिडलं, आणि रविवारी प्रसेनजीत लोणचं "बघायला" आला तेव्हा मी तयार होते.

"तुमच्या चीफनं अर्धंच सांगितलंय."

"आँ?"

"आधी देत होते ते मोठं पिवळं लिंबू. खरा गुण त्याचा. मग पुढं त्यांच्याच ताब्यातल्या बेटांवर बारकं हिरवं लिंबू पिकायचं, म्हणून ते द्यायला लागले. त्यात गुण कमी. माणसं परत आजारी पडायला लागली. आणि नाव चिकटलं ते नेमकं या बारक्या लिंबाचं."

तो गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होता. समोर बरण्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला. कारखान्याच्या मळीचा गोडूस वास हवेत होता.

"म्हणजे नावावर काय भरवसा ठेवायचा न्हाय," तो म्हणाला.

"नाव देणारा लांबून बघतो. त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. आपली माणसं त्याच गोऱ्यांना टोपीकर म्हणायची. डोक्यावर टोपी दिसली, झालं नाव."

"आणि तुमच्या बोटांना वास आला, झालं नाव."

एवढं सरळ मला कुणीच म्हटलं नव्हतं.

"मी तुम्हाला पूर्ण नावानंच हाक मारणार," तो म्हणाला. "कळलं का, संघप्रिया?"

त्यानं ते नाव असं घेतलं... सावकाश, एकही अक्षर न गिळता. पिराजीमामासुद्धा मला 'संगू' म्हणतात. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि मी उगाचच एका बरणीचा दादरा सोडून परत बांधला.

मग तो प्रत्येक रविवारी यायचा. बरणी उन्हात नीट ठेवलीय का, मीठ सुटलंय का, अशी बरणीची चौकशी चालायची. आई चहा द्यायची आणि तोंड फिरवून हसायची.

"लोणच्यात ते गुणबिण काय ऱ्हात न्हाईत बरं का," एकदा मी त्याला सांगितलं. "उन्हानं सगळे जातात."

"मग काय ऱ्हातं?"

"चव."

"बास की. नऊ महिने चव ऱ्हायली तर अजून काय पायजे माणसाला."

तो मला आवडला होता. उगीच आडवळणानं कशाला सांगू? रविवार आला की मी सकाळपासून फाटकाकडं कान लावून असायचे. आणि कॉलेजात श्रुतीनं परत हाक मारली तेव्हा मी तिला सगळ्या वर्गासमोर लायमीची गोष्ट ऐकवली. वर म्हटलं, पुढं मी इंग्रजी शिकवणार, तेव्हा हे नाव मला शोभूनच दिसतंय. वर्ग हसला, आणि मीही पहिल्यांदा त्या नावावर हसले.

मार्चच्या मध्यावर बाबांनी जेवताना विषय काढला. नेसरीचं स्थळ आलं होतं. मुलगा सार्थक, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. स्वभावानं शांत, घरात पुस्तकं, हुंडा नको. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती.

रविवारी मी प्रसेनजीतला सांगितलं. गच्चीवर, बरण्या आत घेता घेता. सांगितलं आणि थांबले. एक बरणी उचलली, दुसरी उचलली...

"कसा हाय मुलगा?" शेवटी त्यानं विचारलं.

"चांगला हाय."

"मग... चांगलंच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एवढंच म्हणायचंय तुम्हाला?"

तो मनगटावरचा डाग चोळत राहिला. "संघप्रिया, मी नऊ महिने पाण्यावर असणार. मागच्या फेरीत आमच्यातल्या एकानं गावाकडच्या एका पोरीला थांब म्हणून सांगितलं, आणि परत गेलाच न्हाय. ती बसली वाट बघत. स्वतः निघून जायचं आणि दुसऱ्याला थांब म्हणायचं... माझ्या तोंडातनं ते न्हाय निघत."

"मी थांबायचं का न्हाय, ते मी ठरवीन की. तुम्ही नुसतं म्हणून तर बघा."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. खालून आईनं चहाला हाक मारली.

तो निघाला त्या दिवशी मी लोणचं डब्यात भरलं नाही. माझी आज्जी, पारूबाई, तिची चिनी मातीची बरणी होती, खांद्यावर तपकिरी पट्टा असलेली. तिच्यात भरलं, दादरा आवळून बांधला आणि त्याच्या हातात दिली.

"बरणी आज्जीची हाय. परत आणायची."

"आणतो."

"आणि रिकामं भांडं आमच्यात परत करत न्हाईत. मूठभर साखर, दोन केळी, काय असंल ते घालून द्यायचं. रिकामं दिलं म्हणजे संबंध नको असा अर्थ होतो. माहीत हाय न्हवं?"

"आमच्यातबी तसंच हाय," तो म्हणाला. मग बरणी छातीशी धरून रिक्षात बसला. मागं वळून बघेल असं वाटलं. बघितलं... पण रिक्षा वळल्यावर, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून. चेहरा नीट दिसलाच नाही.

नऊ महिन्यांत चार पत्रं आली. सिंगापूर, डर्बन, आणि दोन मला धड वाचता न येणाऱ्या शिक्क्यांची. सगळी आईबाबांच्या नावानं, शेवटी 'संघप्रिया यांना नमस्कार'. एका पत्रात लिहिलं होतं, 'चीफनं आज भातावर लोणचं घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आंबटानं की कशानं ते सांगितलं नाही. लोणचं कुणी घातलं विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांना पहिल्यांदा जमलं नाही, म्हणून त्यांनी तीन वेळा म्हणून बघितलं.' ते पत्र माझ्या पुस्तकात राहायचं. पण थांब असं चारही पत्रांत कुठं नव्हतं.

मी मात्र थांबले होते. नेसरीकरांना आधी परीक्षेचं कारण सांगितलं, मग निकालाचं, मग बी.एड.चं. सार्थक भला माणूस, तो दिवाळीपर्यंत काही बोलला नाही. शेवटी बाबांनीच मला समोर बसवलं.

"कुणासाठी थांबलीयास?"

"अजून कुणी थांब म्हणलेलं न्हाय, बाबा."

बाबांना माझा राग आला नाही, वाईट वाटलं. ते मला जास्त लागलं. "एका चांगल्या पोराला किती टांगून ठेवायचं, बाळ? जानेवारीअखेर मी त्यांना एक काय ते सांगणार. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. तोवर तुझं तू ठरीव."

जानेवारी आली. जहाज मुंबईला लागल्याचं पिराजीमामांकडून कळलं. मी रोज वेणी नीट घालायला लागले, आणि स्वतःवर चिडायलाही लागले.

तीस तारखेला, सकाळी, पिराजीमामा बरणी घेऊन आले.

"भाचा आला काल. लगेच गावाकडं गेला. ही तुमची बरणी ठेवून गेलता घरात. म्हटलं, देऊन टाकावी."

मी हात पुढं केले. बरणी हातात आली आणि हलकी लागली. आत बघितलं. लख्ख घासलेली, साबणाचा वास. साखरेचा कण नाही, चिठ्ठीचा कपटा नाही. मी ती उलटी करूनही बघितली, येड्यासारखी.

आईनं पदर तोंडाला लावला. तिलाही अर्थ कळला होता.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बरणी मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले. नऊ महिने माझं मीच एक घर बांधलं होतं, आणि त्याला तर त्यातली एक खोलीही माहीत नव्हती. कुणी थांब म्हणालं नव्हतं. मग कुणाला दोष देणार? पण संबंध नको हे सांगायला माणूस स्वतः येतो. मामाच्या हाती बरणी पाठवत नाही.

बाबा कारखान्यावर निघत होते. मी त्यांना म्हटलं, "नेसरीला कळवा. व्हय म्हणून."

बाबांनी बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आज नगं," ते म्हणाले. "रागात नगं. उद्याचा दिवस हाय अजून." आणि सायकल न घेताच परत घरात जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा रजा टाकली.

दुपारी चारच्या सुमाराला फाटक वाजलं. प्रसेनजीत धावतच आत आला. धूळ बसलेली, कॉलर परत एका बाजूनं दुमडलेली. माझ्या मांडीवर बरणी बघितली आणि जागच्या जागी थांबला.

"मामानं दिली?"

"दिली की," मी म्हणाले. "रिकामी."

"संघप्रिया, ऐका..."

"मी काय ऐकू? तुला रीत माहीत होती. माझ्याच तोंडानं मी तुला सांगितली होती. चिमूटभर मीठ घातलं असतंस तरी मी समजून घेतलं असतं. नऊ महिने मी नेसरीच्या माणसाला कारणं सांगितली, कुणाच्या जिवावर?" मी त्याला अरेतुरे करतेय हे मला मधेच कळलं, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "यायचं न्हवतं तर यायचं न्हवतं. रिकामी कशाला पाठवलीस?"

"पाठवली न्हाय. माझ्या हातानं द्यायची होती, मामानं घाई केली." त्याला धाप लागली होती. "पण रिकामीच द्यायची होती. ते खरं हाय."

मी मांडीवरची बरणी खाली ठेवली.

"डर्बनमधनं भरायला एक वस्तू घेतलीबी होती," तो म्हणाला. "शिंपले, रंगीत. बरणीत घातले आणि मग ध्यानात आलं. भांडं भरून परत दिलं की काय होतं? फिटंफाट. तुमचं तुम्हाला पोचलं, आमचं आम्हाला. मग पुढं यायला कारणच ऱ्हात न्हाय. मला फिटंफाट करायची न्हाय, संघप्रिया. रिकामी दिली की माझ्याकडं राहून जातं काहीतरी. मग मला परत यावं लागणार. सारखं यावं लागणार."

सकाळपासून न आलेलं रडं आता यायला निघालं होतं, आणि तेही हसण्याच्या हातात हात घालून.

"हे पत्रात लिहिता येत न्हवतं?"

"पाण्यावरनं न्हाय म्हणायचं, असं ठरवलं होतं. जमिनीवर पाय ठेवून म्हणायचं." त्यानं कॉलर सरळ करायचा प्रयत्न केला, ती आणखीनच वाकडी झाली. "आता म्हणू?"

"म्हण."

"थांब."

नऊ महिने ज्या शब्दाची वाट बघितली तो एवढासा निघाला. मी डोळे पुसले. "किती दिवस?"

"चहा होईपर्यंत. माझे आई-बाबा बाहेर रिक्षात बसलेत. काल गावाकडं त्यांनाच आणायला गेलतो. कुणी बोलवल्याबिगर फाटकातनं आत येणार न्हाय म्हणतात."

मी बरणी त्याच्या हातात दिली आणि पळत आत गेले. जाता जाता आईला धडकले. ती दारामागंच उभी होती, सगळं ऐकत.

जय भीम झाला, पाणी झालं. त्याची आई माझ्या बोटांकडं बघून म्हणाली, "कष्टाची हायत." एवढंच, पण मला पुरलं. बाबा मात्र अजून काही बोलले नव्हते. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोखाली बसून ते प्रसेनजीतकडं बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. नेसरीचा उद्याचा दिवस अजून शिल्लक होता.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. "हिला कॉलेजात काय म्हणतात, मला माहीत हाय. तीन वर्षं माहीत हाय. ती लपवत होती म्हणून मीबी गप्प ऱ्हायलो."

माझ्या हातातली साणशी तशीच राहिली.

"तुम्ही हिला काय म्हणून हाक मारता?"

"संघप्रिया," तो म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"घाईत असलासा तर? भांडण झालं तर?"

प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं, मग बाबांकडं. "भांडण आत्ताच झालं, बाबा," तो म्हणाला. "तेव्हाबी पूर्णच म्हटलं."

बाबांनी मान वर करून आजोबांच्या फोटोकडं बघितलं. मग उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि माझ्या हातात दिली.

"नेसरीला मी उद्या स्वतः जाऊन सांगतो. त्या पोराला पत्रानं सांगायचं न्हाय," ते म्हणाले. "तू चहा दे, आणि मग बाजारातनं शंभरभर लिंबं आण. बरणी रिकामी हाय घरात."